चार आण्यांची कोंबडी घेताना : जुनी युरोपियन गाडी, तिचे पार्ट आणि देखभाल

२०१० च्या सुमाराची स्कोडा लॉरा आज दोन-अडीच लाखांत दारात येते. नवी होती तेव्हा ती पंधरा लाखांच्या घरात होती. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज येतो, एक्स्प्रेसवेवर गाडी रस्त्याला चिकटून चालते, आणि मागतात मात्र जुन्या वॅगन आरएवढे पैसे. असा मोह सहज टाळता येत नाही. मलाही आला नाही, म्हणून पुण्यात एक लॉरा डिझेल मी काही वर्षं सांभाळतो आहे.

ती सांभाळताना जे कळलं ते इतकंच, की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. लॉराचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, हा पंधरा लाखांच्या गाडीचा पार्ट आहे. तुम्हाला गाडी अडीच लाखांना मिळाली म्हणून दुकानदार तो अडीच लाखांच्या गाडीच्या भावात देत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात ते हेच. कोंबडी चांगलीच असते, फक्त बाजारात जाण्याआधी मसाल्याचा हिशेब मांडलेला बरा. तो कसा मांडायचा आणि गाडी घरी आल्यावर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : आधी गाडी निवडा, मग रंग

'युरोपियन गाडी' या एका नावाखाली फार वेगवेगळी जनावरं येतात. पार्टच्या दृष्टीने त्यांचे चार गट पडतात.

पहिला गट इथे बनलेल्या आणि भरपूर विकल्या गेलेल्या गाड्यांचा. फोक्सवॅगन पोलो आणि व्हेंटो २०१० पासून चाकणच्या कारखान्यात बनल्या, स्कोडा रॅपिड त्यांचीच बहीण. पोलो २०२२ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे फिल्टर, ब्रेक पॅड, बुश, शॉकअप कुठल्याही मोठ्या शहरात मिळतात. याच गटात रांजणगावच्या फियाट पुंटो आणि लिनिया येतात, विशेषतः १.३ मल्टिजेट डिझेलच्या. हेच इंजिन मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये डीडीआयएस नावाने आणि टाटाच्या व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट नावाने चाललं. फियाटने २०१९ मध्ये इथला गाडीविक्रीचा गाशा गुंडाळला, तरी या इंजिनाचं काम गल्लीतला मेकॅनिकही जाणतो. पुंटोचा बंपर किंवा हेडलाइट शोधताना मात्र घाम फुटतो. इंजिन सगळ्यांचं होतं, पत्रा एकट्या फियाटचा.

दुसरा गट छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळणी झालेल्या स्कोडांचा. ऑक्टाव्हिया २००१ मध्ये आली, मग लॉरा, सुपर्ब. फोक्सवॅगन जेट्टाही याच घराण्यातली. या गाड्यांचे बरेच भाग युरोपातल्या गोल्फ आणि ऑडी ए३ ला लागतात तेच आहेत, म्हणून पार्ट मिळतात, फक्त स्वस्त नसतात. माझ्या मते ज्याला खरंच युरोपियन गाडीची मजा हवी आणि खिसाही पूर्ण फाडायचा नाही, त्याने या गटात राहावं.

तिसरा गट मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी यांचा. पाच-सहा लाखांत ई-क्लास किंवा ५ सिरीज दिसली की हात शिवशिवतात. पण एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीची एक हवेची पिशवी फाटली की पुढे कॉम्प्रेसर सतत चालून जळतो, आणि बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करायला लागतं.

चौथा गट अनाथांचा, त्यात भावनेच्या भरात शिरू नका. १९९० च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनायची, गुजरातेतल्या हलोलला ओपल अ‍ॅस्ट्रा. सुरेख गाड्या होत्या. कंपन्या गेल्या आणि मालक काचेच्या बीडिंगसाठी भंगारबाजार पालथे घालत बसले. छंद म्हणून ठेवायची तर ठेवा, रोज ऑफिसला न्यायची तर नको.

पायरी २ : गाडी बघायला जाण्याआधी पार्टची यादी करा

बहुतेक लोक हे उलटं करतात. गाडी बघतात, प्रेमात पडतात, बयाणा देतात आणि मग फोन करून विचारतात, 'क्लच केवढ्याला पडेल हो?' तोवर उशीर झालेला असतो.

एक कागद घ्या आणि त्यावर त्या मॉडेलचे दहा पार्ट लिहा. टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याचा, पूर्ण सेट वॉटर पंपासह. क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे झटके शोषणारं जड चाक. पुढचे दोन्ही कंट्रोल आर्म. चारही शॉकअप. पुढच्या डिस्क आणि पॅड. इंजिन माउंटिंग. टर्बो. एक इंजेक्टर. एक हेडलाइट. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा मेंदू. प्रत्येकासमोर तीन रकाने ठेवा : कंपनीच्या शोरूमचा भाव, मूळ उत्पादकाच्या डब्यातला भाव, आणि बाहेरच्या गॅरेजची मजुरी.

ही चौकशी गाडीच्या नावावर करू नका, पार्ट नंबरवर करा. 'लॉराचा आर्म द्या' म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो देतो. फोक्सवॅगन घराण्याचे, म्हणजे फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडीचे, नंबर वाचायला सोपे आहेत. पहिली तीन अक्षरं सांगतात की पार्ट मुळात कुठल्या गाडीसाठी किंवा इंजिनासाठी बनला, मधले तीन आकडे सांगतात तो गाडीच्या कुठल्या भागातला, आणि शेवटचे तीन म्हणजे नेमका पार्ट. '१के० ४०७ १५१' हा गोल्फच्या पाचव्या पिढीपासूनचा पुढचा कंट्रोल आर्म, '१के० ६१५ ३०१' ही पुढची ब्रेक डिस्क. लॉराला हेच नंबर दिसले की समजायचं, आपली गाडी जर्मनीतल्या गोल्फच्या पंगतीला बसलेली आहे. '०३एल ११५ ५६२' हा त्या काळच्या कॉमन रेल टीडीआयचा, म्हणजे या घराण्याच्या टर्बो डिझेल इंजिनाचा, ऑइल फिल्टर. शेवटी एखादं इंग्रजी अक्षर लागलं तर ती सुधारित आवृत्ती, आणि तेवढ्या एका अक्षराने डिस्कचा व्यास बदलू शकतो. म्हणून विकणाऱ्याकडून आरसी बुकावरचा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर आधीच मागून घ्या. पार्ट काउंटरवर तो दिला की त्या गाडीला बसणारा नेमका नंबर निघतो. जो विकणारा चेसिस नंबर द्यायला कां-कूं करतो, त्याची गाडी बघायला जाऊन पेट्रोल जाळू नका.

भावांचा अंदाज यावा म्हणून ढोबळ सांगतो. लॉरा डिझेलचा टायमिंग बेल्ट सेट वॉटर पंप आणि मजुरीसकट बाहेर पंधरा ते पंचवीस हजारांत बसतो. क्लच आणि फ्लायव्हील एकदम आलं तर अर्धा लाख सहज ओलांडतो. डीएसजीचं, म्हणजे याच घराण्याच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, मेकॅट्रॉनिक नवं घ्यायचं म्हटलं तर लाखाच्या वर. तुमच्या शहरात आणि तुम्ही विचाराल त्या महिन्यात आकडे हलतील, म्हणून यादी स्वतःची करायची. एक दिलासा असा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. जुन्या मालकाची बिलं वाचताना हा फरक लक्षात असू द्या.

पायरी ३ : गाडी थंड असताना बघा

विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, तासभर थांबा.

थंड इंजिन चालू करताना कान द्या. १.८ टीएसआय पेट्रोल असेल आणि पहिले दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर टायमिंग चेनचा टेन्शनर सैल पडतो आहे. या इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचं हे कुप्रसिद्ध दुखणं. चेन एक दात जरी सरकली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. याच इंजिनाला ऑइल पिण्याची खोडही असते. दोन सर्व्हिसच्या मध्ये किती ऑइल टाकावं लागतं, हे मालकाला सहज गप्पांच्या ओघात विचारा. 'कधी बघितलंच नाही' हे सगळ्यात वाईट उत्तर. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ च्या ३२०डी आणि ५२०डी मध्येही चेनचाच त्रास, आणि तिथे ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन काही शंभर ग्रॅमची, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी बघून डोळे पांढरे होतात.

मॅन्युअल डिझेल असेल तर न्यूट्रलमध्ये क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आवाज बदलतो का? इंजिन बंद करताना खडखड होऊन गाडी हलते का? तसं होत असेल तर फ्लायव्हील संपत आलं आहे. यादीतला तो आकडा आठवा.

डीएसजीत दोन जाती आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा गिअरची, तेलात बुडलेल्या क्लचची डीक्यू २५० ही दणकट, पण तिचं तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदललंच पाहिजे. त्याचं बिल मागा. बिल नसेल तर तेल बदललेलं नाही असंच धरा. पोलो जीटी टीएसआय किंवा सुपर्ब १.८ मधली सात गिअरची कोरड्या क्लचची डीक्यू २०० ही वेगळी चीज आहे. फोक्सवॅगनला २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून तब्बल ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इथल्या गर्दीत, म्हणजे सिंहगड रोडवर संध्याकाळी सात वाजता, या बॉक्सची खरी परीक्षा होते. गाडी अगदी हळू, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या सीमेवर खेळवून बघा. दुसऱ्यात जाताना थरथर आली किंवा डॅशवरचा गिअरचा आकडा लुकलुकला, तर तिथूनच घरी या. मोकळ्या रस्त्यावरची टेस्ट राइड या बॉक्सबद्दल काहीच सांगत नाही, आणि विकणारा नेमका तिथेच नेतो.

कूलंटच्या टाकीचं झाकण थंड असताना उघडा. फोक्सवॅगन घराण्यात आत गुलाबी किंवा जांभळं पाणी हवं. तांबूस-चॉकलेटी गाळ दिसला तर कुणीतरी हिरवं कूलंट किंवा नळाचं पाणी ओतून काला केला आहे. अशा गाडीत रेडिएटर, हीटर आणि वॉटर पंप तिघांबद्दल शंका घ्यायची.

मग स्पीडब्रेकर. काचा खाली, गाणी बंद. पुढून 'टक' आला तर लिंक रॉड किंवा बुश. तो खर्च माफक असतो, त्यावरून गाडी सोडू नका, भाव पाडा. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर रात्रभर उभी असलेलीच बघा. सकाळी एक कोपरा बसलेला असेल तर कारण तेच. २००६ आधीची ई-क्लास असेल तर ब्रेकचा इलेक्ट्रॉनिक पंप, ज्याला सेन्सोट्रॉनिक म्हणायचे, बदलला आहे का ते विचारा. ब्रेक किती वेळा दाबला ते तो मोजतो, आणि मोजणी ठराविक आकड्यापुढे गेली की इशारा देऊन बदलायला लावतो. मर्सिडीजने स्वतःच २००६ मध्ये ती भानगड त्या गाडीतून काढून टाकली.

शेवटी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. हे ऐच्छिक नाही. स्वतःचा मेकॅनिक आणि त्याचा स्कॅनर सोबत न्या. डॅशवर एकही दिवा नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण आदल्या दिवशी कोड पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. स्कॅन टेस्ट राइडच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करा. पुसलेले दोष चालवल्यावर परत येतात. शिवाय बऱ्याच गाड्यांत वेगवेगळ्या युनिटमध्ये किलोमीटरची नोंद असते. मीटरवर ८० हजार आणि आत कुठेतरी १ लाख ६० हजार सापडले, तर मीटर मागे फिरवलेला आहे.

पायरी ४ : कागद

यात फार खोलात जात नाही, पण जुन्या गाडीला दोन गोष्टी आडव्या येतात. गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आणि राज्याचा पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, आयात केलेल्या गाडीसाठी तर ४०,०००. शेंद्र्याला किंवा चाकणला बनलेली गाडी 'इम्पोर्टेड' नव्हे, हे काउंटरवर एजंटला ठणकावून सांगावं लागू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दिल्लीच्या डिझेल गाड्या. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, तेव्हापासून तिकडच्या देखण्या सुपर्ब आणि पसाट इकडे अर्ध्या भावात दिसतात. भाव खरा असतो, पण तिकडची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवून बेरीज करा. एनओसी हातात नसेल तर व्यवहारच करू नका. नुसत्या आश्वासनावर गाडी आणलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्या गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात आहेत.

पायरी ५ : भाव करताना यादी टेबलावर ठेवा

आता तुमच्या हातात दहा पार्टचा कागद आहे आणि त्यातले कुठले तीन येत्या वर्षात लागणार, हे कळलं आहे. त्या तिघांची बेरीज किमतीतून वजा करा आणि तो कागद मालकाला दाखवा. हुज्जत घालावी लागत नाही. 'टायमिंग बेल्टचं बिल नाही, म्हणजे तो मला उद्या बदलायचा आहे' या वाक्याला फारसं उत्तर नसतं.

आणि एक नियम स्वतःसाठी : गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय गाडी आणायची नाही. अडीच लाखांची गाडी घेणार असाल तर ऐंशी-नव्वद हजार बाजूला. तेवढे नसतील तर त्याच पैशात लहान गाडी घ्या. लोक नेमके सगळे पैसे गाडीत घालतात, मग पहिला बिघाड होतो, मग ती वर्षभर कव्हरखाली उभी राहते, आणि उभी राहिल्याने आणखी बिघडते.

पायरी ६ : पहिल्या महिन्यात शून्यापासून सुरुवात

जुन्या मालकाचा शब्द कितीही गोड असला तरी बिल नसलेलं काम झालेलंच नाही, असं समजून चाला.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, आणि तुटण्याआधी तो कसलाही आवाज करत नाही. साधारण ९० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तो बदलतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. किलोमीटर कमी पण वर्षं जास्त झाली असतील तरी बदला, रबर वयानेही मरतं. नुसता बेल्ट बदलून पैसे वाचवू नका. टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतात. पंप सहा महिन्यांनी गळला तर तीच सगळी मजुरी पुन्हा.

मग तेलं. इथे 'फुल सिंथेटिक आहे ना, टाका' हे चालत नाही. डब्यामागे कंपनीचा मंजुरी क्रमांक लागतो. फोक्सवॅगन-स्कोडा पेट्रोलला ५०२ ००. पंप-इंजेक्टर पद्धतीच्या जुन्या टीडीआयला ५०५ ०१, कारण त्यात कॅमशाफ्टच इंजेक्टर दाबतो आणि हलक्या प्रतीचं तेल टाकलं तर कॅम झिजतो. मर्सिडीजला २२९.५, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ ०१ किंवा ०४. गंमत अशी की मंजुरी असलेलं तेल दुसऱ्या एखाद्या ब्रँडचं असून शोरूमच्या डब्यापेक्षा स्वस्त मिळतं. पंधरा हजार किलोमीटरचा कंपनीचा हिशेब विसरा. आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये जुन्या टर्बो इंजिनाचं तेल मी आठ-नऊ हजारांना बदलतो.

डिझेल फिल्टर वेळेवर. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप डिझेलवरच स्वतःचं वंगण भागवतो. डिझेलमध्ये पाणी आलं तर पंप आतून खरवडतो आणि त्याचा किस इंजेक्टरपर्यंत जातो. हजार-दीड हजाराच्या फिल्टरवरची कंजुषी लाखभराला पडू शकते.

कूलंट पूर्ण काढून नवं, ब्रेक ऑइल नवं, बॅटरी चार वर्षांपुढची असेल तर नवी. बॅटरीचं मुद्दाम सांगतो. या गाड्यांत व्होल्टेज जरा खाली आलं की एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग सगळे दिवे दिवाळीसारखे पेटतात आणि माणूस घाबरून भलतेच पार्ट बदलत बसतो.

पायरी ७ : पार्ट कुठून घ्यायचे

गाडी बनवणारी कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. क्लच लूक किंवा झाक्सचा, इंजेक्टर बॉशचा, फिल्टर मान किंवा माह्लेचा, सस्पेन्शनचे भाग लेमफर्डर किंवा टीआरडब्ल्यूचे, दिवे हेला किंवा व्हॅलिओचे. तोच पार्ट स्कोडाच्या खोक्यात एका भावाला आणि मूळ उत्पादकाच्या खोक्यात बऱ्याच कमी भावाला मिळतो. कधी कधी तर लोगो घासून काढल्याची खूणही त्यावर दिसते. माझी निम्म्याहून अधिक बचत या एका गोष्टीतून झाली आहे.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, लांबचं मागवायचं तर दिल्लीचं कश्मीरी गेट आणि बंगळुरूचा जेसी रोड. तिथे जाताना नंबर लिहून न्या आणि जुना पार्ट पिशवीत न्या. दोन्ही असले की दुकानदाराशी बोलणं एकदम बदलतं. ऑनलाइनही मिळतात, पण ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड आणि स्पार्क प्लग यांत डुप्लिकेट माल फार आहे. ते ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या.

शोरूमला सरसकट नावं ठेवू नका. क्लिप, वॉशर, सील, रबरी होज, एकदाच वापरायचे बोल्ट हे तिथूनच घ्यावेत. कधी कधी ते बाहेरच्यापेक्षा स्वस्तही पडतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

भंगारातले पार्ट? दाराची पॅनल, काचा, आरसे, हेडलाइट, सीट, अलॉय व्हील बिनधास्त. अल्टरनेटर किंवा एसी कॉम्प्रेसर तपासून. ब्रेक, बेल्ट, बेअरिंग, क्लच, स्टिअरिंगचे भाग आणि एअरबॅग कधीच नाही. मीटर कन्सोल, चावीचं युनिट, ऑडीचा म्युझिक सिस्टम यांसारख्या वस्तू दुसऱ्या गाडीतून काढून लावल्या की कोडिंगशिवाय, म्हणजे गाडीच्या संगणकाला त्यांची ओळख करून दिल्याशिवाय, चालत नाहीत. 'लावून देतो' म्हणणाऱ्याला आधी 'कोडिंग कोण करणार?' विचारा.

पायरी ८ : गॅरेज

शोरूमबाहेरचा, पण याच घराण्याच्या गाड्या करणारा मेकॅनिक शोधा. त्याच्याकडे तीन गोष्टी हव्यात. त्या गाडीचा स्कॅनर, टायमिंग लॉक करायचे टूल आणि टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठराविक जोरानेच आवळणारा पाना. कंट्रोल आर्मचे, फ्लायव्हीलचे, हेडचे बरेच बोल्ट ताणले जाणारे असतात, खोलले की नवेच लावायचे. जुना बोल्ट परत लावणारा मेकॅनिक पन्नास रुपये वाचवतो आणि झोप तुमची उडते.

माझ्या लॉराचा प्रसंग सांगतो. एका सकाळी डॅशवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लुकलुकू लागला आणि गाडीची ताकद गेली. एका गॅरेजने, नाव घेत नाही, बॉनेट उघडून दहा मिनिटांत निकाल दिला : इंजेक्टर गेले, चारही बदला. सांगितलेला आकडा ऐकून मी गाडी तशीच रांगत घरी आणली. संध्याकाळी दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि मला मागे उभं करून ब्रेक दाबला. ब्रेकलाइट लागत नव्हते. पेडलवरचा ब्रेक लाइट स्विच गेला होता, काही शे रुपयांचा. या टीडीआय गाड्यांत ब्रेकचा सिग्नल विसंगत आला की इंजिनाचा संगणक सावध होतो आणि तोच पिवळा दिवा पेटवतो. तेव्हापासून माझा दंडक आहे : कोडची प्रिंट किंवा फोटो दाखवल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही, आणि बदललेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय बिल द्यायचं नाही.

परदेशी मालकांचे अनुभव वाचताना चाळणी लावा. तिकडे रस्त्यावरच्या मिठाने पत्रा गंजतो, आपल्याकडे ते नाही. इथल्या बीएस४ काळातल्या पोलो-रॅपिड डिझेलला तिकडच्यासारखा काजळी पकडणारा डीपीएफ नव्हता, त्यामुळे त्याच्या रडकथा तुमच्या नाहीत. उलट खड्डे, धूळ आणि पाऊस हे इथले स्वतंत्र विषय.

पायरी ९ : पावसाळ्याआधी

मे महिन्याच्या शेवटी अर्धा दिवस काढा. काचेखालच्या काळ्या जाळीत, वायपरच्या खाली, गुलमोहराची नाहीतर कडुनिंबाची पानं साचून पाणी जाण्याची भोकं बुजतात. ती हाताने साफ करा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात. तिथे पेलाभर पाणी ओता, ते चाकाजवळून बाहेर पडलं पाहिजे. नाही पडलं तर ते आत गालिच्याखाली चाललं आहे. पहिल्या पिढीच्या सुपर्बमध्ये काचा आणि लॉक चालवणारं युनिट पुढे पायाखाली, गालिच्याच्या आत असतं. पाणी साचलं की रात्री दोन वाजता काचा आपोआप खाली येतात. भूतबाधा नव्हे, तुंबलेली नळी. दारांच्या आतल्या पॅनलचं सीलही वयाने सुटतं, म्हणून पाऊस पडून गेल्यावर चारही पायदानं हाताने चाचपायची सवय ठेवा.

इंजिनाखाली लोखंडी गार्ड आहे ना ते बघा. यातल्या बऱ्याच गाड्यांचा ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, अ‍ॅल्युमिनियमचा, खालून दगड लागला की वाकत नाही, फुटतो. ताम्हिणीत किंवा कोकणातल्या एखाद्या वळणावर तेलाचा लाल दिवा लागला तर 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' म्हणू नका. जिथे आहात तिथे इंजिन बंद आणि टो ट्रक.

पायरी १० : वही आणि थांबायची रेघ

एक वही, तीन रकाने : तारीख, किलोमीटर, खर्च. त्यात विमाही लिहा. जुन्या गाडीचं विमामूल्य इतकं खाली येतं की पुढून बऱ्यापैकी धडक बसली आणि दोन हेडलाइट, बंपर, एअरबॅग गेल्या, तर कंपनी गाडी 'टोटल लॉस' ठरवते. वर झिरो डेप, म्हणजे पार्टच्या वयाची घट न कापणारा जादा विमा, नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी विमामूल्य किती धरलं आहे ते वाचा, पाच वर्षांपुढच्या गाडीत ते कंपनी आणि तुमच्या संमतीने ठरतं.

पहिल्या वर्षी वहीतला आकडा भयानक दिसेल, कारण जुन्या मालकाने टाळलेली सगळी कामं तुम्ही केलेली असतात. दुसऱ्या वर्षी तो उतरला पाहिजे. तिसऱ्या वर्षीही उतरला नाही, किंवा एकाच कामाचं कोटेशन गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेलं, तर ते काम न करता गाडी आहे तशी विकायला काढा. मेकॅट्रॉनिकवर लाखभर घालून मग विकाल तर नवा मालक त्या लाखाचे वीस हजारही देत नाही.

विकताना बिलांची फाइल गाडीबरोबर द्या. आणि बेल्ट बदललात त्या दिवशी बॉनेटच्या आत एक स्टिकर चिकटवायला विसरू नका, तारीख आणि किलोमीटरचं. येणारा गिऱ्हाईक बॉनेट उघडून आधी तेच शोधणार आहे.